उसने पूर्वज : आर्माडाचे खलाशी आणि काळ्या केसांचा प्रश्न

माझा एक मित्र गेली काही वर्षे नोकरीनिमित्त डब्लिनला असतो. मध्यंतरी त्याच्या ऑफिसात डीएनए चाचणीवर गप्पा चालल्या होत्या. एका आयरिश सहकाऱ्याचे केस काळेभोर, डोळे तपकिरी. तो म्हणाला, "आमचा मूळ पुरुष स्पॅनिश. आर्माडाचे जहाज फुटले तेव्हा पोहत किनाऱ्याला लागला. आजी सांगायची." मग त्याने स्वतःची चाचणी दाखवली. त्यात स्पेनचा मागमूस नव्हता. तरी पठ्ठ्याचे म्हणणे एकच : चाचणी चुकली असेल, आजी चुकणार नाही. मित्राने हे सगळे मला कळवले आणि शेवटी लिहिले, "ऐकल्यासारखे वाटते का रे?"

वाटणारच. समुद्रातून वाहत आलेली चौदा प्रेते, नवगावच्या किनाऱ्याला लागलेली सात जोडपी, या गोष्टी आपण कोकणाच्या बाबतीत लहानपणापासून ऐकतो. त्यांच्याकडे पुढे येऊच. पण आधी आयर्लंडची गोष्ट नीट पाहिली पाहिजे, कारण तिच्यात एक मोठी सोय आहे. जहाजे कधी फुटली ते माहीत आहे. त्यांची नावे माहीत आहेत. माणसे किनाऱ्याला लागल्यावर त्यांचे काय झाले याचे कागद आहेत. दंतकथा कागदाशेजारी ठेवून तपासण्याची अशी संधी पुराणे देत नाहीत.

१५८८ च्या मे महिन्यात स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचे आरमार लिस्बनहून निघाले. सुमारे १३० जहाजे, तीस हजारांच्या आसपास माणसे. इंग्लंडची राणी एलिझाबेथ हिला गादीवरून खाली ओढायचे, हा बेत. ऑगस्टमध्ये कॅलेच्या बंदराबाहेर हे आरमार नांगर टाकून उभे असताना इंग्रजांनी रात्री पेटती जहाजे वाऱ्याबरोबर त्यांच्या अंगावर सोडली. घाबरून अनेक कप्तानांनी नांगराचे दोर कापले आणि पळ काढला. हे कापलेले नांगर लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवशीच्या लढाईनंतर वारा असा फिरला की परत खाडीतून जाणे अशक्य झाले. मग स्कॉटलंडला वळसा घालून, आयर्लंडच्या पश्चिमेने, अटलांटिकमधून घरी जायचे ठरले. सेनापती मेदिना सिदोनिया याने आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर राहा, अशी ताकीदच दिली होती. पण सप्टेंबरच्या वादळांनी ती ऐकली नाही. फुटकी, गळती, पाणी संपलेली जहाजे किनाऱ्याकडे ढकलली गेली, आणि तिथे थांबायला नांगर नव्हते. आयर्लंडच्या किनाऱ्यावर दोन डझनांच्या आसपास जहाजे बुडाली. पाच हजारांहून अधिक माणसे मेली.

स्लायगो परगण्यातल्या स्ट्रीडाच्या वाळूवर एकाच दिवशी तीन जहाजे फुटली आणि हजारावर माणसे गेली. अँट्रिमच्या खडकांवर 'ला जिरोना' आपटली. तिच्यावर आधीच बुडालेल्या दोन जहाजांची माणसेही होती, एकूण सुमारे तेराशे. वाचलेले दहाच्या आत. १९६७ साली बेल्जियन पाणबुड्या रोबेर स्तेन्वी याने तिचे अवशेष शोधले. त्यातले सोने आज बेलफास्टच्या अल्स्टर संग्रहालयात आहे. माणके जडवलेली सरड्याच्या आकाराची एक पदके-माळेतली वस्तू आहे, आणि एक अंगठी आहे. अंगठीवर हात आणि हृदय कोरले आहे, खाली स्पॅनिशमध्ये अक्षरे : तुला द्यायला माझ्याजवळ याहून जास्त काही नाही. कोण्या बाईने निरोप देताना दिली असेल. तो माणूस अँट्रिमला कोणाचा मूळ पुरुष झाला नाही, बुडाला.

पण जे वाचले त्यांचे काय? दंतकथेची सगळी इमारत यांच्यावरच उभी आहे, म्हणून इथे थोडे थांबू.

डब्लिनमधला इंग्रज लॉर्ड डेप्युटी विल्यम फिट्झविल्यम याचा हुकूम होता, स्पॅनिश दिसला की पकडा आणि ठार करा. कॉनॉट प्रांताचा गव्हर्नर रिचर्ड बिंगहॅम याने तो मन लावून अमलात आणला. गॉलवेत तीनशेहून अधिक कैद्यांना मारले. क्लेअर परगण्यात शेरीफ बोएशियस क्लॅन्सी याने किनाऱ्याला लागलेल्यांना फासावर दिले, आणि हा क्लॅन्सी इंग्रज नव्हता, आयरिशच होता. डोनेगॉलला 'त्रिनिदाद बालेन्सेरा' जहाजाची माणसे जिवंत उतरली. त्यांना अभय दिले, शस्त्रे काढून घेतली, कपडे उतरवले आणि उघड्या रानात उभे करून कापले. मेयो परगण्यात मेलाग्लिन मॅककॅब नावाच्या एका भाडोत्री कुऱ्हाडबाजाने एकट्याने ऐंशी जणांना मारल्याची नोंद इंग्रजांच्या दप्तरात कौतुकाने केलेली आहे.

म्हणजे ज्या किनाऱ्यावरची घरे आज "आमच्यात स्पॅनिश रक्त आहे" असे सांगतात, त्या किनाऱ्यावर स्पॅनिश रक्त सांडले मात्र खूप. काही ठिकाणी इंग्रजांनी, काही ठिकाणी इंग्रजांच्या भीतीने, आणि काही ठिकाणी बुडालेल्याच्या अंगावरच्या कोटासाठी.

आसरा देणारेही होते. त्यांच्याबद्दल आपल्याला कळते ते फ्रान्सिस्को दे कुएयार या कप्तानामुळे. तो स्ट्रीडाला वाचला, जखमी आणि उघडानागडा महिनोन् महिने भटकला, आणि ४ ऑक्टोबर १५८९ ला अँटवर्पहून त्याने सगळी हकीकत एका लांबलचक पत्रात लिहिली. आयरिश लोकांना तो सर्रास रानटी म्हणतो, हेही सांगितले पाहिजे. ज्यांच्या लापशीवर जगला त्यांना रानटी म्हणायची सोय सत्तेच्या माणसाला नेहमीच असते. लीट्रिममध्ये मेल्विन सरोवराच्या काठी मॅकक्लॅन्सी नावाच्या सरदाराच्या गढीत त्याला जागा मिळाली. तिथे तो बायकांचे हात पाहून भविष्य सांगत बसे, इतके की बायकामुलांचा ससेमिरा नकोसा झाला. मग फिट्झविल्यम फौज घेऊन आला. मॅकक्लॅन्सी आपली माणसे आणि गुरे घेऊन डोंगरात गेला. कुएयार आणि आठ स्पॅनिश मात्र गढी लढवत राहिले. सतरा दिवसांनी बर्फामुळे इंग्रज परत फिरले.

सरदार परत आला, खूश झाला, आणि त्याने कुएयारला आपली बहीण देऊ केली.

पाहा, हा तो क्षण. स्पॅनिश कप्तान, आयरिश सरदाराची बहीण, सरोवराकाठची गढी. दंतकथेला याहून जास्त काय हवे? आणि ही आजीची गोष्ट नाही, त्या माणसाच्या स्वतःच्या हाताचे पत्र आहे. कुएयारने काय केले? आभार मानले, नकार दिला, आणि नाताळानंतर दहाएक दिवसांनी चार सोबती घेऊन पहाटे गुपचूप पळाला. त्याला स्कॉटलंड गाठायचे होते, घरी जायचे होते. बुडालेल्या माणसाला तेच हवे असते. आयर्लंडमधल्या कोण्या घराण्याचा मूळ पुरुष होण्यात त्याला काडीचा रस नव्हता. त्या बहिणीचे नाव पत्रात नाही.

आसरा देणाऱ्यांना मात्र किंमत मोजावी लागली. मॅकक्लॅन्सीला १५९० मध्ये इंग्रजांनी मारले. त्याचा वरचा सरदार ब्रायन ओरूर्क स्कॉटलंडला मदत मागायला गेला, तिथल्या राजाने त्याला इंग्लंडच्या हवाली केले, आणि नोव्हेंबर १५९१ मध्ये लंडनच्या टायबर्नला तो फासावर गेला. स्पॅनिशांना थारा दिला हा त्याच्यावरच्या आरोपांतला एक मोठा आरोप होता. "आम्ही त्या सरदारांच्या रयतेची लेकरे, ज्यांनी परक्याला आसरा दिला आणि जीव गमावला" असे सांगणारी दंतकथा किती खरी आणि किती अभिमानाची झाली असती! पण लोक ती सांगत नाहीत. ते सांगतात, आम्ही त्या पाहुण्याची लेकरे.

काही खलाशी मागे राहिले हे खरे आहे. अल्स्टरच्या ह्यू ओनीलच्या पदरी दोन-चार स्पॅनिश पुढे काही वर्षे होते. पण हिशेब करा. १५८८ पासून आजपर्यंत तीस वर्षांची एक पिढी धरली तर चौदा-पंधरा पिढ्या होतात. चौदा पिढ्या मागे गेले की माणसाच्या वंशवृक्षात १६,३८४ जागा असतात. त्यातल्या एका जागेवर स्पॅनिश खलाशी बसला असे मानले, तरी त्याच्याकडून आज तुमच्यापर्यंत बहुधा काहीच पोचलेले नसते, कारण प्रत्येक पिढीत आईबापाचे अर्धेच पुढे जाते आणि उरलेले गळते. काळे केस टिकून राहण्याची तर गोष्टच सोडा. चाचणीच्या अहवालात "स्पेन २ टक्के" असे आले तरी त्यावरून आर्माडाचे जहाज शोधायला निघू नये. इतका बारीक आकडा बहुतेक वेळा गणिताचा गोंगाट असतो. कागदांचे म्हणाल तर आयर्लंडमधली बहुतेक कॅथलिक नोंदवह्या अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापलीकडे जात नाहीत, आणि डब्लिनचे सरकारी दप्तरखाने १९२२ च्या यादवीत जळाले. मधली दोनशे वर्षे रिकामी. दंतकथा राहायला येते ती याच रिकाम्या जागेत.

मग ते काळे केस आले कुठून? कुठून म्हणजे, तिथलेच. लाल केस ही आयर्लंडची जगभर ओळख झाली, पण तिथेही लाल केसांचे माणूस दहात एखादेच. तपकिरी-काळे केसच जास्त. १८५५ मध्ये बेलफास्टजवळ बॅलिनाहाटी इथे एका स्त्रीचा सांगाडा सापडला होता. पाच हजार वर्षांपूर्वीची ही शेतकरी बाई. तिचा डीएनए वाचून डब्लिन आणि बेलफास्टच्या संशोधकांनी २०१५ च्या अखेरीस निष्कर्ष छापले : केस काळे, डोळे तपकिरी, आणि आजच्या माणसांत तिचे साम्य दक्षिण युरोपातल्यांशी जास्त. म्हणजे आर्माडा निघण्याच्या साडेचार हजार वर्षे आधी आयर्लंडमध्ये काळ्या केसांची बाई शेत पिकवत होती. शिवाय गॉलवे बंदराचा स्पेनशी दारूचा व्यापार आर्माडापूर्वीच शतकानुशतके चालू होता. तिथली प्रसिद्ध 'स्पॅनिश कमान' १५८४ ची आहे, जहाजे फुटण्याच्या चार वर्षे आधीची. स्पॅनिश माणसे आली असतील तर ती पिंपे उतरवायला, हिशेब करायला, दरवर्षी, शांतपणे आली. पण पिंपे उतरवणाऱ्या हमालाची दंतकथा होत नाही.

तरीही वादळ, फुटलेले जहाज आणि परका पुरुष ही गोष्टच का लागते? माझ्या मते खरा प्रश्न हा आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज आयरिश माणसाकडे कसे पाहत होते ते आधी बघा. चार्ल्स किंग्जली हा इंग्लंडमधला नावाजलेला पाद्री आणि लेखक. १८६० साली तो स्लायगोला मासे पकडायला गेला. स्ट्रीडाचा किनारा ज्या परगण्यात आहे तोच हा परगणा, आणि भीषण दुष्काळाला जेमतेम दहा-बारा वर्षे झालेली. तिथून त्याने बायकोला पत्र लिहिले. भुकेने पिचलेली माणसे त्याला चिंपांझी वाटली. वर म्हणतो, काळी असती तर इतके वाईट वाटले नसते, पण यांची कातडी आपल्यासारखीच गोरी आहे! एका वाक्यात दोन खंडांतली माणसे त्याने जनावरांत जमा केली.

पुढे हाच तिरस्कार आकडेमोडीत शिरला. जॉन बेडो या डॉक्टरने १८८५ मध्ये ब्रिटनच्या वंशांवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने काळेपणाचा निर्देशांक काढला. गावातल्या माणसांचे केस मोजायचे, काळ्याभोर केसांना दुप्पट गुण द्यायचे, त्यात गडद तपकिरी मिळवायचे, आणि पिवळे व लाल वजा करायचे. आकडा जितका मोठा तितके गाव काळे. १८९० च्या दशकात हॅडन आणि ब्राउन यांनी अरन बेटांवर जाऊन कोळ्यांची डोकी, नाके, केस मोजले. त्याआधी १८९० मध्ये हॅडन आणि त्याच्या जोडीदाराने इनिशबोफिन बेटावरच्या पडक्या मठातून रात्री तेरा कवट्या चोरून डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजला नेल्या होत्या. त्या कवट्या परत मिळवायला बेटावरच्या लोकांना वर्षानुवर्षे मागणी करावी लागली. २०२३ च्या जुलैमध्ये त्या बेटावर पुन्हा पुरल्या गेल्या.

आता अशा माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तुझे केस काळे, म्हणजे तू खालच्या वंशाचा, असे पुस्तके सांगत आहेत. यावर दोन उत्तरे देता येतात. एक : केसांच्या रंगावरून माणूस वरखाली ठरत नाही. दुसरे : माझे केस काळे आहेत खरे, पण ते त्या कारणाने नाहीत. ते एका स्पॅनिश सरदाराचे आहेत. पहिले उत्तर मोजपट्टीच मोडते. दुसरे मोजपट्टी तशीच ठेवते आणि आपल्यापुरती सुटका मागते. आर्माडाची दंतकथा हे दुसरे उत्तर आहे. अमेरिकेत गेलेल्या आयरिशांमध्ये 'ब्लॅक आयरिश' हा शब्द आणि त्यामागची ही गोष्ट इतकी लोकप्रिय झाली, यात मला काही नवल वाटत नाही. जिथे गोरेपणावर नोकरी, वस्ती आणि मतदान ठरत होते, तिथे काळ्या केसांचा खुलासा तयार ठेवणे भाग होते.

या गोष्टीला जुनी मुळेही आहेत. अकराव्या शतकात संकलित झालेल्या 'लेबोर गबाला' या आयरिश ग्रंथात गेल लोक स्पेनहून आले असे सांगितले आहे. मूळ पुरुषाचे नाव मील एस्पान्या. गंमत अशी की हे नावच नाही. लॅटिनमधल्या 'स्पेनचा सैनिक' या शब्दांचा तो अपभ्रंश आहे. वंशावळी लिहिणारे वंशपरंपरागत भाट-पंडित राजांच्या अन्नावर जगत, आणि ज्या राजाला जशी वंशावळ लागेल तशी ती निघत असे. आपल्याला हे नवीन नाही. १६७४ मध्ये राज्याभिषेकासाठी शिवरायांसारख्या कर्तृत्ववान राजालाही गागाभट्टापुढे सिसोदिया वंशावळ ठेवावी लागली. तलवारीने मिळवलेले राज्य पुरेसे नव्हते, दूरचा पूर्वज हवा होता.

आता कोकणाकडे येतो. सह्याद्रिखंडात गोष्ट आहे की परशुरामाने समुद्रातून वाहत आलेली चौदा प्रेते चितेवर शुद्ध करून जिवंत केली, आणि त्यांच्यापासून चित्पावन झाले. हा भाग उत्तरकालीन आहे, आणि तो गौरवासाठी लिहिला की हिणवण्यासाठी यावर वाद आहे. पण एकोणिसाव्या शतकापासून देशी-विदेशी लेखकांनी त्या प्रेतांना राष्ट्रीयत्व वाटायला सुरुवात केली. कोणी इराणी म्हणाले, कोणी ज्यू, कोणी आणखी पलीकडचे. आधार काय? घारे डोळे आणि गोरा रंग.

आयर्लंडमध्ये काळे केस दिसले की जहाज फुटते. कोकणात घारे डोळे दिसले की जहाज फुटते. एका किनाऱ्यावर काळेपणाचा खुलासा हवा, दुसऱ्यावर गोरेपणाचा, आणि गोष्ट तीच, वादळ तेच. यावरून एवढे नक्की कळते की ही गोष्ट समुद्राबद्दल नाही. इथल्या मातीत अमुक रंगच उगवला पाहिजे, असे आधी गृहीत धरले जाते. मग जो उगवला तो त्यात बसेना, की समुद्राला बोलावतात.

बेने इस्रायल समाजाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती दंतकथेच्या बाजूने थोडी झुकते. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे वंशज तेल गाळू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनिवार तेली म्हटले गेले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा वारसा खरोखर आढळला. पण त्याच अभ्यासात दिसले की तो मुख्यतः बापाकडून आला आहे, आणि आईकडचा वारसा मुख्यतः इथलाच आहे. मग दंतकथेतल्या त्या सात स्त्रिया कुठल्या? त्या कोकणातल्याच असणार. गोष्टीने त्यांना जहाजात बसवून परदेशी केले. या समाजात पुढे 'गोरा' आणि 'काळा' असे दोन भागही पडले. आई बाहेरची असल्याचा संशय, की काळा. बेटीव्यवहार बंद. आणि पुढे हेच लोक इस्रायलला गेले तेव्हा १९६० च्या दशकात तिथल्या धर्मपीठाने त्यांच्याच ज्यू असण्यावर, त्यांच्याच आज्यापणज्यांवर संशय घेतला. लग्नाच्या हक्कासाठी त्यांना रस्त्यावर उतरावे लागले.

आयर्लंड घ्या, कोकण घ्या, हरवते ती आईच. पूर्वज म्हणून नाव घेतात ते वाहून आलेल्या पुरुषाचे. ज्या बाईने त्याला सुका कपडा दिला, भाकरी दिली आणि मुले वाढवली, ती किनाऱ्यासारखी गृहीत. बाबासाहेबांनी १९१६ च्या कोलंबियातल्या निबंधात जातीचे मूळ रक्तात शोधले नाही, स्त्रीवरच्या ताब्यात आणि आपसांतल्या लग्नांत शोधले. या दंतकथा वाचताना तो निबंध शेजारी ठेवावा. ऑर्कनीतल्या वेस्ट्रे बेटावर आर्माडाच्या खलाशांचे वंशज म्हणवणारे 'डॉन' लोक होते. त्यांच्याबद्दल सांगतात की ते बराच काळ आपसांतच लग्ने करीत. बेटावर सगळे मिळून कोळी आणि शेतकरी, त्यातही एक डॉन-वाडा वेगळा!

आणि 'डॉन'च का? आर्माडाच्या मोठ्या वल्ह्यांच्या जहाजांवर साखळीने बांधलेले कैदी आणि गुलाम होते. 'ला जिरोना'ही तसलेच जहाज. त्या वल्हेकऱ्याचा वंशज म्हणवणारे घराणे मला तरी कुठे भेटले नाही. सगळे कप्तानाचे, सरदाराचे. शिवाय 'स्पॅनिश' जहाजांतली कितीतरी स्पॅनिश नव्हतीच. स्ट्रीडाला फुटलेल्यांपैकी एक व्हेनिसचे, एक आजच्या क्रोएशियातल्या रागुसाचे. आणि फेअर आइल या चिमुकल्या बेटावर आपटलेले 'एल ग्रान ग्रिफॉन' होते बाल्टिक समुद्रावरच्या रोस्टॉक बंदराचे. त्यावरचे खलाशी बरेचसे जर्मन. म्हणजे त्या बाजूला कोणी खरोखर मूळ पुरुष झालाच असेल, तर तो पिवळ्या केसांचा निघण्याची शक्यता जास्त!

आपल्याला यात रस का असावा? कारण बेडोची मोजपट्टी आपल्याकडेही आली. हर्बर्ट रिस्लीने बंगालमध्ये नाके मोजली आणि १८९१ मध्ये सांगितले की नाक जितके रुंद तितकी जात खालची. हेच नाकांचे आकडे बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये घुर्यांच्या मांडणीतून घेतले आणि उलटे वापरले : आकडे पाहा, ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश एकच निघतो. 'जातिनिर्मूलन'मध्येही पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एकच, हे त्यांनी १९३६ मध्ये सांगितले होते. त्यांनी अस्पृश्यांसाठी समुद्रापलीकडचा राजपुत्र शोधला नाही.

हे मी आपल्याच मित्रांना उद्देशून लिहितो आहे. २००१ मध्ये मायकेल बामशाद आणि सहकाऱ्यांनी आंध्रातल्या काही जातींचे नमुने तपासून एक शोधनिबंध छापला. तेव्हापासून आपल्या सभांमध्ये "त्यांचा डीएनए विदेशी, आपला मूळनिवासी" हे भाषण ठरलेले आहे. टाळ्याही ठरलेल्या. त्या निबंधात जे आहे ते आहे, पुढच्या अभ्यासांनी त्यात भर घातली आहे आणि घालतील. पण उद्या एखाद्या अहवालात आपल्यापैकी कोणाचा वारसा समुद्रापलीकडचा निघाला, तर त्याने चवदार तळ्याचे पाणी प्यायचे नाही काय? डब्लिनच्या त्या सहकाऱ्याने चाचणीत स्पेन शून्य आल्यावर तोंड पाडले. आपण टक्का मोजून छाती फुगवतो. मोजपट्टी दोघांच्याही हातात एकच आहे.

'एल ग्रान ग्रिफॉन'ची गोष्ट राहिली. २७ सप्टेंबर १५८८ ला ते फेअर आइलच्या कड्यावर आपटले. सुमारे तीनशे माणसे वर चढली. बेटावर घरे होती सतरा. सहा आठवडे ही माणसे तिथे राहिली. पन्नासेक जण भुकेने आणि थंडीने मेले, त्यांना तिथेच पुरले. पुढे गोष्ट पसरली की फेअर आइलच्या रंगीत विणकामाची नक्षी या खलाशांनी शिकवली. पण ती नक्षी एकोणिसाव्या शतकाआधी कुठे दिसत नाही. बेटावरच्या बायकांनी स्वतःच्या डोक्याने काही काढले असेल, हे मानायला लोकांना जड जाते, म्हणून तिथेही परका गुरू.

उरलेले लोक शेटलंडमार्गे डिसेंबरमध्ये स्कॉटलंडच्या अ‍ॅन्स्ट्रदर या कोळ्यांच्या गावी पोचले. गाव कट्टर प्रॉटेस्टंट, हे कॅथलिक शत्रू. पाद्री जेम्स मेल्विल याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे की या दाढीमिशा न फुटलेल्या, भुकेल्या पोरांना गावाने पाला घातलेली आमटी, लापशी आणि मासे खाऊ घातले. त्यांचा सेनानी हुआन गोमेस दे मेदिना वृद्ध होता. तो मेल्विलपुढे जमिनीपर्यंत वाकला. पुढे तो स्पेनला परतला. तिकडे एका बंदरात अ‍ॅन्स्ट्रदरचे एक जहाज आणि त्याची माणसे अटकेत पडली होती. गोमेस स्वतः दरबारी गेला, रदबदली करून त्यांना सोडवले, घरी नेऊन त्यांची उस्तवार केली आणि निघताना गावच्या जमीनदाराची, पाद्र्याची आणि ज्याच्या घरी तो उतरला होता त्या यजमानाची नाव घेऊन चौकशी केली.